पायाळूची लाथ

माझ्या शिलाई मशीनसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गावातल्या निम्म्या बायकांनी मला आपली बाळंतपणं सांगितली आहेत. ब्लाउज शिवणारीपासून बाईला काही लपवता येत नाही. चौथ्या महिन्यात ती बाजू उसवून घ्यायला येते, सातव्यात ओटीभरणाच्या साडीला फॉल लावायला येते आणि बाळ झालं की पुढून उघडणारे ब्लाउज शिवायला टाकते. माप देता देता बोलत असते. कुणाची वार खाली सरकली होती, कुणाच्या बाळाच्या मानेला नाळेचे वेढे होते, कुणाच्या पोटातलं पाणी कमी झालं, कुणाचं बाळ कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं. टाचण्या ओठांत धरून मी नुसतं 'हं, हं' करायची. दवाखान्यातले सगळे शब्द आपल्याला पाठ आहेत अशी माझी पक्की समजूत होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते, दुसरं काय!

मग माझी पाळी आली. आठव्या महिन्यात भुसावळला सोनोग्राफी केली. सोबत सासूबाई होत्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बघत म्हटलं, "बाळ ब्रीच आहे."

हा शब्द माझ्या खुर्चीत कधी कुणी बोललं नव्हतं. बाईंनी समजावलं, या सुमाराला बाळाचं डोकं खाली यायला हवं, याचं बूड खाली आहे आणि डोकं वर. अजून थोडा वेळ आहे, कदाचित फिरेल. नाही फिरलं तर सिझेरियन. पहिलटकरणीचं ब्रीच बाळ नॉर्मल करायची जोखीम त्या घेणार नव्हत्या, कारण अंग बाहेर आलं आणि डोकं मागे अडकलं तर बाळ गुदमरतं.

मी रडायच्या बेतात होते. स्टुलावर बसलेल्या अक्का मात्र पुढे सरकल्या. "म्हंजे पायाळू?"

"तसंच समजा," बाई म्हणाल्या.

अक्का उठल्याच. स्टँडवर येईपर्यंत त्यांनी पेढे घेतले, बसमध्ये ड्रायव्हरला पेढा दिला, कंडक्टरला दिला, शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीलाही दिला. "आमच्या घरात पायाळू येऊ राह्यलं व माय!" मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. एकाच गोष्टीला डॉक्टर ब्रीच म्हणतात तेव्हा फाइलवर लाल रेघ येते आणि अक्का पायाळू म्हणतात तेव्हा पेढे वाटले जातात. माझ्या पोटात जे होतं त्याला मात्र या दोन्हींतलं काही ठाऊक नव्हतं, ते आपलं माझ्या बरगड्यांत डोकं खुपसून बसलं होतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पायाकडून जन्मलेल्या माणसाला आमच्याकडे पायाळू म्हणतात आणि त्याचा मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबरेत चमक आली की सकाळी तोंडातून शब्द न काढता पायाळूच्या दारात जायचं, पालथं पडायचं आणि त्याच्याकडून पाठीवर तीन लाथा खायच्या. उसण उतरते म्हणतात. विजा चमकत असताना पायाळूने बाहेर जायचं नाही, वीज त्याच्याकडे ओढली जाते म्हणतात. आमचं गाव सावद्याच्या अलीकडे, सगळं केळीचं. केळीचे घड खांद्यावर वाहून वाहून इथल्या प्रत्येक घरात एक तरी कंबर गेलेली आहे. गावचा म्हातारा पायाळू वारला तेव्हापासून लोकांची पंचाईत झाली होती. अक्कांची स्वतःची कंबर तर दर पंधरवड्याला धरायची. त्यांना नातू-नात काहीही चालणार होतं, पण पाय आधी पाहिजे होते.

मग घरात एक गंमतच सुरू झाली. बाळ फिरावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांवर ओणवं होऊन करायचा व्यायाम सांगितला होता, तो मी सकाळ-संध्याकाळ करायची. तिकडे देवघरात अक्का पद्मालयाच्या गणपतीला साकडं घालायच्या, "देवा, फिरू देऊ नको रे बाप्पा." मी फिर म्हणायची, त्या नको म्हणायच्या. नवरा बिचारा केळीच्या गाड्या भरून देण्यात दिवस काढायचा. दोघींपैकी कुणाची बाजू घ्यावी हे न कळून तो जेवायलासुद्धा बाहेरच बसू लागला. पोटातल्याने शेवटी आजीचं ऐकलं. फिरलं नाही.

त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. माझं तोंड तिखट आहे. साक्रीकडची आहे मी, आमच्याकडे शेवभाजीचा रस्सा जसा, तशीच बायकांची जीभ. सिझेरियनचं नाव काढलं तशा अक्का म्हणाल्या, "पोट फाडून काढलेलं पायाळू नसतं. पायानं वाट काढून यायले पाह्यजे."

"अक्का, ती वाट माझ्यातून काढायची आहे," मी म्हटलं.

"आमच्या सासूले झालं होतं घरी. पायाळूच."

"आणि ते जगलं का?"

अक्का उठून देवघरात गेल्या. ते जगलं नव्हतं, हे मला नवऱ्याकडून आधीच कळलेलं होतं. मी मुद्दामच विचारलं आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. माझ्या बाळाचा जीव एका पारड्यात आणि गावाच्या कमरा दुसऱ्या पारड्यात, मग मी कुठल्या बाजूला उभी राहणार? दुसऱ्याच दिवशी मी माहेरी निघून गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं, त्यामुळे कुणाला काही बोलताही आलं नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात सिझेरियनचा दिवस ठरला. अक्का आदल्या दिवशीच येऊन ठेपल्या, डोक्यावर केळ्यांच्या फण्यांची पाटी आणि हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही नाही. मला आत नेलं तेव्हा दाराशी माझी आई आणि अक्का दोन टोकांना उभ्या होत्या. आई म्हणाली, "घाबरू नको बेटा, बठ्ठं बराबर व्हई." अक्कांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला. तेव्हा माझा राग थोडा उतरला.

कंबरेखाली बधिर करून, पुढे हिरवं फडकं धरून माझं बाळ बाहेर काढलं. मी रडण्याचा आवाज ऐकला आणि मीही भोकाड पसरलं. मुलगी होती. बाहेर काय झालं ते मला आईने नंतर सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तर अक्कांनी मुलगा-मुलगी विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "आधी काय निघालं?"

आपल्या लेकीची काळजी लागलेली आई अहिराणीत उखडली. "मन्ही आंडेर बरी शे का, ते तर दखा पहिले!"

बाई हसल्या. म्हणाल्या, "आजी, बाळ-बाळंतीण दोघी छान आहेत. आणि ब्रीच बाळाला सिझेरियनमध्येही खालूनच धरून काढावं लागतं. आधी बूड आलं, मग पाय, डोकं सगळ्यात शेवटी."

"डोकं शेवटी?"

"सगळ्यात शेवटी."

"मंग झालं तर!" असं म्हणून अक्कांनी डॉक्टरांच्या, आईच्या, वॉर्डातल्या आयांच्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीच्या हातावर एकेक केळं ठेवलं. आईलाही हसू आलं. दोघी विहिणींनी पहिल्यांदा एका बाकावर बसून डबा खाल्ला. तीन जीव वाचले असं मला वाटलं. माझा, पोरीचा आणि अक्कांच्या पायाळूचा.

निघताना लहान मुलांच्या डॉक्टरांनी पोरीला उलटंपालटं करून बघितलं. पाय मुडपून बाहेरच्या बाजूला फाकवले, कान देऊन ऐकल्यासारखं केलं. म्हणाले, ब्रीच बाळांमध्ये कधी कधी खुबा सैल असतो, विशेषतः मुलींमध्ये. दीड महिन्याची झाली की खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. आणि तोपर्यंत पाय सरळ करून घट्ट बांधू नका, मोकळे राहू द्या. मी मान डोलावली. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी ऐकली होती, पायाची पहिल्यांदाच ऐकली.

सव्वा महिन्यानंतर मी सासरी आले. गाव दर्शनाला लोटलं. पायाळू बघायला आलेले लोक पोरीचं तोंड बघायच्या आधी तळपाय बघायचे. कुणी पायाला कुंकू लावायचं, कुणी काळा दोरा बांधायचं. अक्कांनी तांब्याचं कडं आणलं, विजेपासून जपायला. मी यातलं काही अडवलं नाही, कारण कुंकवाने आणि दोऱ्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पण एक दिवस मला दुकानातून आत यायला जरा उशीर झाला. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली, आतलं सगळं ऐकू येतं. पोरीचं रडणं नेहमीचं नव्हतं. आत जाऊन बघते तर तेल लावणाऱ्या बाईने पोरीला पायांवर घेतलेलं आणि दोन्ही पाय धरून सरळ खाली ओढत होती. नंतर दोन्ही पाय जोडून तिने लुगड्याच्या पट्टीने नडगीपासून मांडीपर्यंत आवळून बांधले. अक्का शेजारी बसून सांगत होत्या, "अजून घट्ट. पायाळूच्या पायात जोर यायले पाह्यजे."

कितीतरी दिवस हे चाललं होतं. बाकीच्या बाळांना एकदा ओढायचे, माझ्या पोरीला पायाळू म्हणून जादा ओढत होते, लाथ चांगली बसावी म्हणून! माझं डोकं फिरलं. मी पट्टी ओढून काढली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय बांधू नका! कानात काय बोळे घातले होते का सगळ्यांनी?" तेल लावणारी बाई वाटी टाकून उठली. तिने गावातली निम्मी पोरं न्हाऊ घातली होती, असं तिला कुणी बोललेलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, "सात पिढ्या बांधत आलो. कोन लंगडं झालं?" मी म्हटलं, "माझी पोर आठव्या पिढीची आहे."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही जळगावला गेलो. अक्का हट्टाने सोबत आल्या, मला वाटतं मी खोटी पडलेली बघायला. हाडांच्या डॉक्टरांनी खुब्याची सोनोग्राफी पाहिली आणि पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. एक वाटी, एक गोळा. मांडीच्या हाडाचं टोक म्हणजे गोळा, खुबा म्हणजे वाटी. उजवीकडे गोळा वाटीत नीट बसला होता. डावीकडे वाटी उथळ होती, गोळा घसरत होता. याला डीडीएच म्हणतात असं ते म्हणाले. लवकर कळलंय, उपाय आहे. पट्ट्यांचा हार्नेस घालायचा, दोन्ही पाय मुडपून बाजूला फाकवून ठेवायचे. पाय असे राहिले की गोळा वाटीत बसून राहतो आणि वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. नाही केलं तर पोरगी लंगडेल, आणि मग मोठं ऑपरेशन.

लंगडेल. एवढा एक शब्द मला कुणाकडून समजून घ्यावा लागला नाही. मी अक्कांकडे बघितलं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

परतीच्या बसमध्ये पोरगी माझ्या मांडीवर, पाय बेडकासारखे फाकवलेले, छातीवर पट्ट्या. अक्का बराच वेळ समोरच्या सीटचा दांडा धरून बसल्या होत्या. साकेगाव गेल्यावर त्यांनी विचारलं, "म्या बांधले म्हनून झालं का व?"

त्या क्षणी 'हो' म्हणायची मला फार इच्छा झाली. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मी हाच प्रश्न डॉक्टरांना आधी विचारला होता. ते म्हणाले होते, हे पोटात बूड खाली असतानापासूनचं आहे, बांधल्याने वाढू शकलं असतं, पण सुरुवात तिथली नाही. मी अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. "तुमच्यामुळे झालं नाही. पण इथून पुढे बांधलं तर तुमच्यामुळे होईल."

"इथून पुढं म्या कोनाले हात लावू देत नाही," अक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले. कंडक्टर तिकीट मागायला आला आणि न मागताच पुढे गेला.

त्यानंतर अक्कांनी जे केलं, त्याला तोड नाही. हार्नेस दिवसरात्र ठेवायचा होता. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसून काढायचं. पट्ट्या किती आवळायच्या त्याच्या खुणा डॉक्टरांनी पेनाने केल्या होत्या, त्या हलता कामा नयेत. मी अक्कांच्या जुन्या सुती लुगड्याचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवले, काखेत कातडं सोलू नये म्हणून पातळ बंड्या शिवल्या, हार्नेसवरून बसतील अशी मोठ्या घेराची झबली शिवली. इतकं मन लावून मी नवरीचा ब्लाउजही कधी शिवला नसेल. अक्का दिवसातून दहादा खुणा तपासायच्या. अक्षरं वाचता येत नसलेली बाई ती निळी रेघ मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायची.

गाव गावच असतं. लोक म्हणू लागले, पायाळूचेच पाय बांधले, आता काय कामाची. एक चुलतसासू शेवयांचं निमित्त काढून आली. मी दुकानात कापड बेतत होते. आतून तिचा आवाज आला, "काढा व त्या पट्ट्या. आमच्याकडचा हाड बसवणारा एका झटक्यात बसवतो. आना लेकराले इकडं."

मी कात्री हातात घेऊनच उठले. पण दारापर्यंत पोचायच्या आत अक्कांचा आवाज आला. "हात लावशील तर याद राख!"

मी दारातच थबकले. अक्का पोरीच्या आणि तिच्या मधे उभ्या होत्या. "तुह्या मळ्यात घड लागला की केळीले टेकू लावते का नाही? का तशीच सोडते? वारा आला की आडवी होईन म्हनून लावते ना? तवा कोन म्हनतं का केळीले कैद केली? ह्या पट्ट्या तशाच. घड निघाला की टेकू काढू. शेवया ठेव आन चाल तू."

चुलतसासू शेवया ठेवून गेली. मी कात्री घेऊन पुन्हा दुकानात आले आणि पायमशीन जोरात चालवत बसले, कारण मला हसूही येत होतं आणि रडूही. ज्या बाईशी मी चार महिने भांडले, ती माझ्या बाजूने माझ्याहून मोठ्याने भांडत होती. तेल लावणाऱ्या बाईलाही अक्कांनी स्वतः जाऊन बोलावून आणलं आणि ते वाटी-गोळ्याचं चित्र दाखवलं. आता ती गावात कुणाच्याच बाळाचे पाय बांधत नाही. बांधा म्हणणाऱ्या आयांनाच दम देते.

केळीचा टेकू निघाला. हार्नेस काढला त्या दिवशी जळगावच्या डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवली. वाटी खोल झाली होती, गोळा आत नीट बसला होता. अक्कांनी दोन्ही हात जोडले, आधी चित्राला, मग डॉक्टरांना. पण डॉक्टरांनी आम्हाला पुरतं नाचू दिलं नाही. म्हणाले, चालायला लागली की बघू. आणि तीनेक वर्षांची झाली की एका पायावर उभी करून बघू. डाव्या पायावर उभी राहिली आणि कंबर उजवीकडे खाली ढळली नाही, म्हणजे आपण जिंकलो.

ते वाक्य मी घरी घेऊन आले. पोरगी शेजारच्या पोरांच्या मानाने उशिरा चालली, ओट्याचा कठडा धरून, केळीच्या पानासारखी डुलत. कपडा शिवणाऱ्या बाईचे डोळे कुठे जातात? घेराकडे. एक खांदा खाली असेल, एक खुबा वर असेल, तर घेर कधी सारखा पडत नाही, एका बाजूने झुकतो. मी पोरीला सगळे फ्रॉक मोठ्या घेराचे शिवले आणि खाली पांढरी लेस लावली. ती अंगणातून चालली की मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबायचा. लेस सारखी दिसायची. पण दोन पायांवर चालणं वेगळं आणि एका पायावर उभं राहणं वेगळं. ती लगोरी खेळायची, पळायची, पण एका पायावर कधी उभी राहायचीच नाही. लंगडी खेळायला पोरांनी बोलावलं तर ओट्यावर जाऊन बसायची. मला विचारायची हिंमत होत नव्हती.

आणि लोकांना लाथ पाहिजे होती. पोरगी उभी राहायला लागल्यापासून कंबर धरून एकेक जण दारात यायचा. मी उडवून लावायची, "ती काय गावचा दवाखाना आहे?" मला वाटलं अक्का मधे पडतील. पण अक्काच माझ्याहून कडक निघाल्या. "आधी तिचं तिले उभं राहू द्या. मंग तुमचं बघू." त्यांची स्वतःची कंबर या काळात कितीदा धरली. शेक घ्यायच्या, बाम लावायच्या, भिंतीला धरून चालायच्या, पण लाथेचं नाव काढायच्या नाहीत. पायाळू घरात असून अक्का उसण भोगतात, म्हणून लोक हसायचे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पोरीला नुकती तीन वर्षं पूर्ण झाली होती आणि जळगावला दाखवायचं अजून राहिलं होतं. कुरडयांचा चीक ढवळताना सकाळी सकाळी अक्कांची कंबर अशी धरली की वाकल्या त्या सरळच होईनात. नवऱ्याने आणि मी धरून ओट्यावर पालथं निजवलं. डॉक्टरला फोन लावायला नवरा आत गेला. अक्का तोंड बाजूला करून म्हणाल्या, "पोरीले बोलाव."

"अक्का, नको. अजून..."

"बोलाव म्हनलं ना."

पोरगी आली, नुकती झोपेतून उठलेली, अंगात तोच लेस लावलेला फ्रॉक. आजीला लाथ मारायची, म्हटल्यावर तिने डोळे मोठे केले. "नाही! पाप लागतं. आजीला पाय लागला की पाया पडायचं असतं. आईनेच सांगितलं." खरंच मीच सांगितलं होतं, चांगलं घोकून घेतलं होतं. अक्का खालून म्हणाल्या, "मंग लाथ मारता मारता नमस्कार कर ना माय. दोन्ही एकदमच कर."

हे तिला पटलं. ती आजीच्या बाजूला ओट्यावर चढून उभी राहिली. तिथे खांब होता, धरायला कठडा होता. मला वाटलं, आता ती खांब धरणार. पण धरणार कसा? तिने दोन्ही हात छातीशी जोडले होते, डोळे मिटले होते. तशीच ती डाव्या पायावर उभी राहिली, त्याच पायावर, आणि उजवा पाय वर उचलला.

मी अक्कांकडे बघितलंच नाही. मी फ्रॉकच्या लेसकडे बघत होते. पाय वर, हात जोडलेले, आणि लेस सारखी. जराही ढळली नाही, पट्टीने आखल्यासारखी सरळ. धप्प! पहिली लाथ. पुन्हा पाय वर. लेस सरळ. धप्प! तिसऱ्या वेळी तिने पाय जरा जास्तच वर धरला, डोलली, आणि सावरली. त्याच डाव्या पायावर स्वतःची स्वतः सावरली. धप्प!

"अजून एक!" मी ओरडले. "अजून एक मार! जोरात मार!"

"व माय, सून माझ्यावरच उठली!" अक्का खालून ओरडल्या. नवरा फोन कानाला लावून धावत बाहेर आला. पोरगी घाबरून खाली उतरली आणि आजीच्या पायावर डोकं टेकवून मोकळी झाली.

अक्का हातांवर जोर देऊन उठू लागल्या. उठल्या, हळूहळू कंबर सरळ केली. मला वाटलं, आता उसण उतरली म्हणतील. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"घेर सरळ होता का व?"

म्हणजे त्यांनाही ते सगळं ठाऊक होतं. मी मशीन थांबवून काय बघते, कशासाठी लेस लावते, पोरगी एका पायावर का उभी राहत नाही म्हणून मला झोप का लागत नाही. आणि पालथं पडल्यावर त्यांना एकट्यांनाच ते बघता येणार नव्हतं.

"सरळ होता, अक्का," मी म्हटलं. "तिन्ही वेळेला."

अक्कांनी पोरीला उचलून कडेवर घेतलं. धरलेली कंबर, आणि वर हे घोडं एवढं! मी हां हां करेपर्यंत त्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेल्यादेखील. सकाळची वेळ, नळाला पाणी आलेलं, बायका हंडे घेऊन उभ्या. तिथे मधोमध उभ्या राहून अक्कांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "कोनाकोनाची कंबर धरली आहे? या आता!"